कापसाच्या केसाची भिंत

भारतीय नोटेचा कागद पूर्णपणे कापसाचा असतो. नाशिकरोडच्या छापखान्यात शाई बसते ती कापसाच्या सरकीवर उगवलेल्या केसांच्या लगद्यावर. यातला प्रत्येक केस ही एकच लांबलचक पेशी असते. बोंड फुटले की पेशीतला जीवद्रव्याचा अंश वाळून जातो आणि मागे तिची भिंत तेवढी उरते. धोतर, गोधडी, दिव्याची वात, दहा रुपयांची नोट, सगळे या भिंतीचेच.

वनस्पतीची पेशीभित्तिका म्हणजे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, पेक्टिन आणि बहुतेक वेळा लिग्निन यांची मोठी गुंतागुंत. लाकडात किंवा द्राक्षाच्या सालीत हे घटक एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकाला हात लावला तर दुसरा बिघडतो. कापसाच्या केसात मात्र सुमारे पंचाण्णव टक्के सेल्युलोजच असते. वरचा पातळ पापुद्रा मेणाचा आणि पेक्टिनचा, आत सगळे सेल्युलोजचे थर. त्यामुळे भिंतीची आतली रचना शोधू पाहणाऱ्यांना कापूस हा निसर्गाने आयता धुऊन दिलेला नमुना वाटला. महाराष्ट्रात हा शोध मुख्यतः मुंबईला माटुंग्यात झाला आणि त्याची सुरुवात गिरण्यांच्या तक्रारींतून झाली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतीय कापसाची बाजारात फारशी पत नव्हती. तंतू आखूड, गाठींत भेसळ, एकाच नावाच्या कापसातून एका वर्षी चांगले सूत निघे तर पुढच्या वर्षी ते तुटत राही. १९१७ मध्ये सरकारने भारतीय कापूस समिती नेमली. तिच्या अहवालातून १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी उभी राहिली. १९२३ च्या कायद्याने कापसावर छोटा उपकर बसवून तिच्या खर्चाची सोय झाली. या पैशातून १९२४ मध्ये माटुंग्याला तंत्रसंशोधनाची प्रयोगशाळा निघाली. पहिले संचालक ए. जेम्स टर्नर. शेतकी खात्याने पैदा केलेल्या नव्या वाणाचे थोडेसे रुईचे नमुने घ्यायचे, ते छोट्या यंत्रांवर कातायचे आणि या रुईतून किती नंबरचे सूत निघेल ते सांगायचे, हे तिचे रोजचे काम होते.

याच सुमारास नाशिकरोडलाही एक वेगळी उभारणी चालू होती. तोवर भारताची टपाल तिकिटे लंडनच्या दे ला रू कंपनीकडून आणि नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून छापून येत. १९२५ मध्ये नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि १९२८ मध्ये तिथे नोटांची छपाई सुरू होऊन पाच रुपयांची नोट निघाली. जागा निवडताना मुंबईची जवळीक पाहिली गेली, तसेच हवामानही. हवामानाचा मुद्दा वरवरचा नव्हता. कापसाचा तंतू हवेतली ओल शोषतो. मध्यम दमट हवेत त्याच्या वजनाचा सात-आठ टक्के भाग पाण्याचा असतो. ओल वाढली की तंतू आडवा फुगतो, कागद पसरतो आणि एकावर एक बसवायचे रंगांचे ठसे सरकतात. माटुंग्याच्या लोकांनाही हीच अडचण होती. समुद्रकाठच्या दमट हवेत तंतूची ताकद मोजली तर सकाळचा आकडा दुपारी जुळत नसे. आज भारतात कापडाच्या चाचण्या ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता आणि २७ अंश सेल्सिअस तापमान राखून करतात, त्यामागे हे कारण आहे.

मग कापूस पाणी धरतो कुठे? भिंतीच्या कोणत्या भागात ते शिरते आणि कोणत्या भागात शिरू शकत नाही? पुढची पन्नास वर्षे वर्णपटविज्ञान, म्हणजे पदार्थाने शोषलेल्या किंवा विखुरलेल्या किरणांवरून त्याची रचना ओळखण्याचे शास्त्र, या प्रश्नाभोवती फिरत राहिले.

आधी भिंत कशी बांधली जाते ते पाहू. फूल उमलते त्या दिवशी कोवळ्या बीजाच्या सालीतल्या काही पेशी फुगून बाहेर येऊ लागतात. पुढचे दोन-तीन आठवडे त्या फक्त लांबत जातात आणि या काळात त्यांची भिंत अगदी पातळ असते. नंतर लांबी थांबते आणि आतून सेल्युलोजचे थर चढू लागतात. विल्यम लॉरेन्स बॉल्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये असे दाखवले की फुगवलेल्या तंतूच्या आडव्या छेदात कांद्याच्या पापुद्र्यांसारखी वलये दिसतात आणि ती रोजच्या वाढीची असतात. दिवस-रात्रीच्या फरकाने एक-एक वलय पडते. पन्नास-साठ दिवसांनी बोंड फुटते, आतले पाणी उडून जाते आणि पोकळ नळी चपटी होऊन पीळ पडलेल्या फितीसारखी दिसू लागते. मध्येच पाऊस, कीड किंवा पाण्याचा ताण आला तर थर पुरते चढत नाहीत. भिंत पातळ राहते, तंतू सुतात गुठळ्या करतो आणि रंग नीट घेत नाही.

टर्नर यांच्यानंतर १९३१ मध्ये संचालक झालेले नझीर अहमद भौतिकशास्त्रज्ञ होते. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रदरफर्ड यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले होते. अणुकेंद्राकडून कापसाच्या बोंडाकडे आलेला हा माणूस पुढे १९५६ मध्ये पाकिस्तानच्या अणुऊर्जा आयोगाचा पहिला अध्यक्ष झाला, म्हणजे परत अणूकडेच गेला. मधली चौदा वर्षे त्यांनी माटुंग्यात काढली. प्रयोगशाळेतल्याच ए. एन. गुलाटी यांच्याबरोबर १९३५ मध्ये त्यांनी तंतूची पक्वता मोजण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तिला भिंतीच्या अभ्यासातले पहिले ठोस माप म्हणायला हरकत नाही. तंतू १८ टक्क्यांच्या कॉस्टिक सोड्यात फुगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पोकळीची रुंदी भिंतीच्या जाडीशी ताडून पाहायची. पोकळी भिंतीपेक्षा अरुंद तर तंतू पक्व, दुपटीपर्यंत रुंद तर अर्धपक्व, त्याहून रुंद तर कच्चा. शेकडो तंतू डोळ्यांनी मोजायचे, हे भलतेच कंटाळवाणे काम होते. पण गिरणीचा तंत्रज्ञ आणि वाण पैदा करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ यांना त्यातून एका भाषेत बोलता येऊ लागले.

भिंत ओळखण्याच्या या सवयीमुळे गुलाटी आणि टर्नर यांच्याकडे एक अनपेक्षित काम आले होते. मोहेंजोदडोच्या उत्खननात एका चांदीच्या पात्राला चिकटलेला कापडाचा तुकडा मिळाला होता. तो तपासून त्यांनी १९२८ मध्ये टिपण प्रसिद्ध केले. तंतू जवळजवळ कुजून गेले होते, पण जे शिल्लक होते त्यात फितीसारखा पीळ स्पष्ट होता, आणि हा पीळ जवसात किंवा तागात नसतो. तो कापूसच होता. धातूच्या क्षारांनी जंतूंना जवळ येऊ दिले नाही म्हणून भिंत चार-साडेचार हजार वर्षे टिकली. पुढे याच कारणाने महाराष्ट्रातही एक दोरा वाचला.  डेक्कन कॉलेजने नेवाशाला १९५४ ते ५६ या काळात जे खोदकाम केले, त्यात एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या भोकात दोऱ्याचे अवशेष होते. ते गुलाटींनी तपासले आणि त्यात कापसाबरोबर रेशीम असल्याचे सांगितले. त्यांचा हा अहवाल डेक्कन कॉलेजने १९६१ मध्ये छापला. आजच्या संशोधकाने असा दोरा आधी अवरक्त किरणांखाली धरला असता, कारण रेशीम प्रथिन आहे, कापूस सेल्युलोज, आणि दोघांचे वर्णपट एका नजरेत वेगळे दिसतात. गुलाटींना सगळे आकारावरून ओळखावे लागले.

आकार पुरत नाही तिथे किरणांची गरज पडते. सेल्युलोजला नाव मिळाले ते फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांच्यामुळे. १८३८ मध्ये त्यांनी वनस्पतींच्या भिंतीतला हा समान पदार्थ वेगळा केला. तो ग्लुकोजच्या साखळ्यांचा आहे हे कळायला पुढची ऐंशी-नव्वद वर्षे गेली. १९१३ मध्ये जपानमध्ये निशिकावा आणि ओनो यांनी बांबू आणि तागासारख्या तंतूंतून क्ष-किरण पाठवले, तेव्हा पडद्यावर स्फटिकातून येतात तसे ठिपके उमटले. म्हणजे भिंतीत कुठेतरी साखळ्या शिस्तीत रचलेल्या होत्या. १९२८ मध्ये मायर आणि मार्क यांनी या शिस्तीचा पहिला पटण्याजोगा आराखडा दिला. साखळ्या एकमेकींशेजारी, हायड्रोजन बंधांनी जखडलेल्या, आणि त्यांच्या जुडग्यांपासून बनलेले अतिसूक्ष्म तंतुक. कापसात हे तंतुक केसाच्या अक्षाभोवती जिन्यासारखे गोल फिरत जातात आणि ठिकठिकाणी त्यांची दिशा उलटते. तंतूची ताकद बरीचशी या वळणाच्या कोनावर अवलंबून असते. कोन जितका कमी, तंतुक जितके उभे, तितका तंतू बळकट.

पण कापसात ठिपक्यांच्या सोबतीला धूसर पट्टाही दिसतो. याचा अर्थ सगळ्या साखळ्या शिस्तीत नाहीत, काही विस्कटलेल्या आहेत. पाणी शिरते ते या विस्कटलेल्या भागात आणि जुडग्यांच्या पृष्ठभागावर. स्फटिकाच्या आत त्याला वाट नाही. हा विचार पटण्याजोगा होता, पण तो सिद्ध करायला रेणूतल्या बंधांकडे थेट पाहणारे साधन हवे होते. ते अवरक्त वर्णपटाने दिले.

अवरक्त किरण पदार्थातून जाताना रेणूतले बंध आपापल्या कंपनसंख्येला जुळणारे किरण शोषतात. सेल्युलोजमधला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध ३,३०० प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्येच्या आसपास रुंद दरी पाडतो आणि कार्बन-हायड्रोजन बंध २,९०० च्या जवळ. पेक्टिनच्या एस्टर गटाची खूण १,७४० ला, लिग्निनची १,५१० ला. कच्च्या रुईच्या वर्णपटात १,७४० ला बारीकशी खाच दिसते आणि ती रुई कॉस्टिकमध्ये उकळली की नाहीशी होते. सूत उकळल्यावर ते पाणी का पिऊ लागते, हे गिरणीतल्या कामगाराला ठाऊक होतेच. वर्णपटाने त्याची लेखी नोंद दिली एवढेच. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये १९४७ मध्ये रोवेन, हंट आणि प्लायलर यांनी सेल्युलोजमधले बदल अशा वर्णपटाने टिपले. १९५९ मध्ये लिआंग आणि मार्चेसॉल्ट यांनी ध्रुवित अवरक्त किरण वापरून कोणता बंध कोणत्या दिशेला कंप पावतो याची मांडणी केली.

पाण्याच्या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमध्ये मान आणि मॅरिनन यांच्या १९५६ च्या प्रयोगाने दिले. त्यांनी सेल्युलोजला साध्या पाण्याऐवजी जड पाण्याची वाफ दिली. जिथे पाणी पोहोचले तिथे हायड्रोजनची जागा ड्युटेरियमने, म्हणजे जड हायड्रोजनने, घेतली आणि तो बंध जड झाल्यामुळे त्याची खूण ३,३०० वरून २,५०० च्या जवळ सरकली. जिथे पाणी पोहोचले नाही तिथली खूण जागेवर राहिली. दोन खाचांची तुलना केली की भिंतीचा किती भाग पाण्याला मोकळा आहे ते निघते. प्रयोग इतका सरळ आहे की तो आधी कोणाला का सुचला नाही याचेच नवल वाटावे.

यानंतर एक लांबलेला वाद सुरू झाला. कापसात स्फटिकाचे प्रमाण किती? न्यू ऑर्लिन्सच्या प्रयोगशाळेत सेगल आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये क्ष-किरणांच्या आलेखातल्या दोन उंचींवरून सोपे गुणोत्तर काढले. तिथल्याच नेल्सन आणि ओ'कॉनर यांनी १९६४ मध्ये अवरक्त वर्णपटातल्या १,३७२ आणि २,९०० या खुणांचे गुणोत्तर सुचवले. आकडे मात्र एकमेकांशी जुळेनात. क्ष-किरणांनी सत्तरच्या पुढे, जड पाण्याने साठीच्या आतबाहेर, आम्लात विस्कटलेला भाग विरघळवून पाहिले तर नव्वद टक्के. प्रत्येक रीत भिंतीला वेगळा प्रश्न विचारत होती हे ध्यानात यायला वेळ लागला. आम्ल हळू शिरते, पाणी झटकन पृष्ठभागही व्यापते, क्ष-किरण अर्धवट शिस्तीलाही शिस्तच मानतात. सेगल यांचे सोपे गुणोत्तर त्यातल्या दोषांसह आजही निबंधोनिबंधी वापरले जाते, यात सोयीचा वाटा शास्त्रापेक्षा जास्त आहे.

माटुंग्यात या काळात आकारमापनाकडून प्रकाशाकडे असाच प्रवास झाला. १९६६ मध्ये प्रयोगशाळा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आली. कृष्ण अय्यर, नीलकंठन आणि राधाकृष्णन यांनी १९६८ मध्ये कापूस आणि रॅमी या वनस्पतींच्या तंतूंचे द्विअपवर्तन मोजून प्रसिद्ध केले. तंतूच्या लांबीच्या दिशेने ध्रुवित केलेला प्रकाश त्यातून एका वेगाने जातो आणि आडव्या दिशेने ध्रुवित केलेला दुसऱ्या. हा फरक जितका मोठा, तितकी साखळ्यांची मांडणी एका दिशेची. रॅमीत तंतुक जवळजवळ सरळ उभे असतात आणि कापसात तिरके फिरतात, म्हणून दोघांची तुलना बोलकी ठरते. १९७७ मध्ये के. एम. परळीकर आणि एस. एम. बेट्राबेट यांनी स्फटिकाचे प्रमाण काढण्यासाठी इलेक्ट्रॉन-विवर्तनाची रीत मांडली. क्ष-किरणांना तंतूंचा गठ्ठा लागे, इलेक्ट्रॉनच्या झोताला भिंतीचा अगदी लहानसा अंशही पुरे. ज्या संस्थेत गुलाटी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तंतूंची पोकळी मोजत बसत, तिथे चाळीस वर्षांत भिंतीच्या एका कणातली शिस्त मोजायची तयारी झाली होती. १९९१ मध्ये संस्थेचे नाव केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी अनुसंधान संस्थान झाले. गिरणगावात आणि कापूस बाजारात ती आता 'सिरकॉट' या नावाने ओळखली जाते.

अवरक्त किरणांची मोठी उणीव पाणीच होती. पाणी स्वतः अवरक्त किरण इतके शोषते की ओल्या, जिवंत भिंतीचा वर्णपट त्याखाली बुडून जातो. यावर तोडगा भारतातच सापडलेला होता. १९२८ च्या फेब्रुवारीत, म्हणजे नाशिकला पहिल्या नोटा निघाल्या त्याच वर्षी, कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी पाहिले की द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाशेजारी नवे रंग येतात आणि त्यांचे अंतर रेणूंच्या कंपनांशी जुळते. पाण्याचा रामन वर्णपट फिका असतो, त्यामुळे ओली भिंतही पाहता येते. पण भिंतींचा उपयोगी वर्णपट मिळायला लेझरची वाट पाहावी लागली, कारण विखुरणारा प्रकाश फार क्षीण असतो आणि भिंतीतले लिग्निनसारखे पदार्थ स्वतःच मंद चमकून त्याला झाकून टाकतात. अशी चमक बँकेच्या खिडकीपाशी कोणालाही पाहता येते. अतिनील दिव्याखाली ऑफिसचा कागद निळसर झळकतो, कारण त्यात उजळकारी रसायन घातलेले असते. नाशिकला छापलेल्या कापसाच्या कागदाची नोट मात्र मंद राहते आणि तिच्यातले मुद्दाम पेरलेले धागे आणि क्रमांकाची शाई तेवढी उजळते.

१९७० मध्ये ब्लॅकवेल आणि सहकाऱ्यांनी व्हॅलोनिया या समुद्री शेवाळाच्या भिंतीचे रामन आणि अवरक्त असे दोन्ही वर्णपट शेजारी ठेवले. १९८५ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधून रजाई अटाला आणि उमेश अगरवाल यांनी स्प्रूसच्या लाकडावर रामन सूक्ष्मदर्शक वापरला. लिग्निन भिंतीत वाटेल तसे भरलेले नसून तेही काही अंशी पृष्ठभागाला धरून बसलेले असते, हे त्यांनी दाखवले. तोवर लिग्निन म्हणजे विटांमधला चुना, त्याला कसली दिशा, असे बहुतेकांना वाटत असे. याआधी वर्षभर अटाला आणि व्हँडरहार्ट यांनी कार्बन-१३ च्या चुंबकीय अनुस्पंदनाने दाखवले होते की निसर्गातले सेल्युलोज एका प्रकारच्या स्फटिकाचे नसून दोन प्रकारांचे मिश्रण आहे. जिवाणू आणि शेवाळात एक प्रकार जास्त, कापूस आणि रॅमीत दुसरा. क्ष-किरणांना पन्नास वर्षे हा भेद निसटला होता.

मग प्रश्न उरला की हे तंतुक बांधते कोण. त्याचे उत्तर १९९६ मध्ये पुन्हा कापसाच्या केसातूनच आले. भिंत जाड होण्याच्या दिवसांत केसात कोणती जनुके जागी असतात याचा शोध घेताना डेबोरा डेल्मर यांच्या गटाला सेल्युलोज बनवणाऱ्या जनुकांची वनस्पतींतली पहिली खूण मिळाली. जी पेशी दोन आठवडे दुसरे जवळजवळ काहीच करत नाही, तिच्यात ती सापडणे साहजिक होते. एका तंतुकात साखळ्या किती, यावर छत्तीसपासून खाली उतरत चर्चा होत राहिली. २०१३ मध्ये न्यूमन आणि सहकाऱ्यांनी मोड आलेल्या मुगाच्या भिंतींवर क्ष-किरण आणि चुंबकीय अनुस्पंदन एकत्र वापरून अठरा साखळ्यांचा आराखडा उत्तम जुळतो असे दाखवले. तंतुक इतका बारीक असेल तर त्याच्या साखळ्यांपैकी निम्म्याहून अधिक पृष्ठभागावरच येतात. म्हणजे विस्कटलेला म्हणून ज्या भागाची इतकी वर्षे मोजणी झाली, त्यातला बराचसा जुडग्यांचा पृष्ठभागच निघाला. जड पाण्याच्या प्रयोगाने दिलेल्या कमी आकड्याचा अर्थ यातून लागतो.

नोटेच्या कागदाचा प्रश्न या दरम्यान भारतातच सुटू लागला होता. १९६८ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादला सिक्युरिटी पेपर मिल सुरू झाली आणि कागदासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज कमी होऊ लागली. माटुंग्याच्या संस्थेने २०१५ मध्ये कापसाच्या आखूड तंतूंपासून नॅनोसेल्युलोज करण्याचा प्रायोगिक कारखाना उभा केला. त्याची क्षमता आठ तासांच्या पाळीला दहा किलोची. त्यात भिंत फोडून तिचे तंतुक सुटे केले जातात. जे जुडगे पाहण्यासाठी क्ष-किरण, अवरक्त आणि रामन वर्णपट लागले, ते इथे पांढऱ्या दाट लापशीच्या रूपात भांड्यात जमा होतात, आणि भिंत नीट फुटली की नाही हे पाहायला पुन्हा तीच साधने लागतात.